वच्छलाबाईची कापसाची खोली

वच्छलाबाई माही शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांची मधातली भिंत एकच, म्हणून तिच्या घरी कोण कोणाले काय बोललं हे मले कोणाले विचारा लागत नाई. मी वर्षा, शिलाई करते. पाय मशीनवर, हात कपड्यावर अन् कान मोकळे. कोणी म्हणन, लोकाच्या घरातलं ऐकणं बरं नाई. अवो, मी कायले ऐकू? ती बोलतेच तेवढ्या जोरानं! आर्णीच्या बाजारात वच्छलाबाई वांग्याचा भाव करून राह्यली तं पार बसस्टँडवरच्या माणसाले समजते, आज वांगी महाग आहे म्हणून.

पन्नाशीची बाई. अंगानं काडी, पण चालते अशी का रस्त्यानं बैलबंडी आली तं बंडीनंच बाजूले व्हावं. तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली का मंग आडवं जाणाऱ्यानं आपलं आपण पाहावं. शेतात जाले नवरा वेळेवर सोडून देत नाई म्हणून या वयात स्कुटी शिकली. दोनदा नालीत पडली. मी म्हटलं, "वच्छलाबाई, आता पुरे करा, हाडं मोडन." तं म्हणे, "हाडं माही आहे, तू कायले रडतं?" आता मारोतराव, म्हणजे तिचे मालक, तिच्या मागं बसून शेतात जाते.

मी सांगून राह्यली ते यंदाच्या उन्हाळ्याचं. तिची पोरगी निकिता नागपूरले दिली. जवाई कपिल, चांगला पोरगा, कंपनीत आहे. निकिताले दिवस गेलते अन् तारीख निघाली मे महिन्याच्या शेवटची. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय कोणाले सांगा लागते? वच्छलाबाईनं थंडीतच डिंक आणला, मेथ्या आणल्या, जुन्या लुगड्यांच्या दुपटी शिवाले माह्याकडे टाकल्या. शिलाईचे पैसे विचारले तं मलेच झापलं, "नातवाच्या दुपट्याचे पैसे घेतं का वं?"

अन् होळी झाली तसा नागपूरवरून विहीणबाईचा फोन आला. बोलणं लय गोड. म्हणे, "तुम्ही समजून घ्या ना. मेचं ऊन, तुमच्याकडे वर टिनं. एसी नाही. अशात बाळंतीण आणि तान्हं लेकरू कसं ठेवणार? इथे दोन खोल्यांत एसी आहे. निकिताला इथेच राहू द्या, तुम्ही या की पाहायला."

फोन ठेवला अन् भिंतीवर दणादणा बुक्क्या. मले बोलावणं धाडाची तिची हीच रीत. मी हातातला ब्लाउज टाकून गेली.

"पाहाले या म्हणते! मी काय पाहुणी आहो का माह्या पोरीची?"

"बोलल्या त्यात खोटं काय आहे पण?" मी म्हटलं. "तुमच्या समोरच्या खोलीत मे महिन्यात पापड तळून निघन."

ती उंबऱ्यात बसली. मंग हळूच बोलली, अन् वच्छलाबाई हळू बोलली का मले भ्या वाटते. "माही माय मी लहान असतानाच गेली, वर्षे. माहं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सासू वाईट नव्हती, पण न्हाऊ घालताना मी ओय म्हटलं तं म्हणे, एवढं काय झालं. माय असती तं ओय म्हणू देल्लं असतं. माही निकिता माह्याजवळ येईन. अन् ऐकून ठेव, तिले इथं पोळणार नाई."

आता तिचा कूलर. लोखंडी, निकिता शाळेत जाची तवाचा. त्या पाडव्याले बाहेर काढून पाहिला तं बूड सडलं होतं, इकून पाणी टाकलं का तिकून अंगणात. नवा तं घ्याचाच होता. पण घ्याचा काय, याच्यावर घरात रोज रणकंदन. ऋतिक, तिचा पोरगा, मोबाइलच्या दुकानात कामाले आहे, तो म्हणे एसी. मारोतराव म्हणे बुडाले पत्रा ठोका अन् यंदाचं भागवा. वच्छलाबाईची अडचण वेगळीच होती. बाळंतिणीले वारा चालत नाई. खाटेखाली शेगडी, अंगाले शेक, डोक्याले फडकं बांधून ठेवा लागते. कूलर तं ओला वारा सपासप अंगावर फेकते! म्हणजे खोली थंडबी पाहिजे, अन् वाराबी नाई पाहिजे. दुकानात जाऊन तिनं असंच विचारलं. दुकानदार म्हणे, "काकू, मंग एसीच घ्या." विहीणबाईचंबी तोंड बंद होईन, या हिशोबानं तिनंबी मान हलवली.

एसी आला. बसवाले बबलू आला, जवळच्या तांड्यावरचा, आर्णीतले अर्धे एसी त्यानंच बसवले. समोरच्या बैठकीत भिंतीवर तो पांढराशुभ्र डबा लागला अन् वच्छलाबाईनं त्याले हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. बबलूनं बटन दाबून देल्लं, रिमोट ऋतिकच्या हातात देल्ला अन् तो दुसऱ्या कामावर गेला. त्याले घाई होती, त्यानं काही सांगितलं नाई, अन् आम्ही काही विचारलं नाई. हवा फेकाचं यंत्र कसं चालवाचं, हे आमच्यासारख्या वऱ्हाडातल्या माणसाले काय विचाराचं?

सातव्या महिन्याची ओटी वच्छलाबाईनं इकडेच ठेवली. ओटी भरली का निकितानं माहेरीच राहाचं, विहीणबाईनं घर पाहाचं अन् खुशीनं परत जाचं, असा बेत. एप्रिल लागला होता, ऊन मी म्हणत होतं. सकाळपासून आम्ही बाया कामाले भिडलो. पुरण शिजलं, आंब्याचा रस निघाला, झोपाळा फुलांनी सजवला. पाहुणे याच्या आधी एसी लावला. अन् मंग आम्ही काय केलं म्हणता? साऱ्या खिडक्या उघडल्या!

हसू नका. जलमभर कूलर वापरलेली माणसं आम्ही. कूलर लावला का समोरचं दार उघडं ठेवा लागते, नाईतं खोलीत दमट होते अन् अंग चिकचिक करते. "हवा खेळली पाहिजे" हे आम्ही आईच्या दुधासंगं पेलो आहो. वच्छलाबाई म्हणे, खिडक्या उघडा. मी म्हटलं, दारबी उघडं ठेवा. वरून तिनं अंगणातला तो सडका कूलर उचलून आणला, बुडाखाली घमेलं ठेवलं अन् खिडकीत लावून देल्ला. म्हणे, "एका बैलापेक्षा दोन बैल जास्त ओढते." ऋतिक ओरडला, "आई, असं नसते वं!" पण त्याचं कोण ऐकते? त्याले आम्ही पाट आणाले पाठवलं.

पाहुणे आले तवा बैठकीत वीस-पंचवीस बाया. वर टिनं तापलेली, खिडक्यांतून गरम वाऱ्याच्या झांजा येऊन राह्यल्या, कूलर वाफ फेकून राह्यला अन् एसी बिचारा भिंतीवर घुरघुर करून राह्यला. निकिता हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसली होती. तिचं कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलं. विहीणबाई पदरानं वारा घेत होत्या, पण तोंडातून एक शब्द वाकडा नाई. मंग मिक्सर लावला अन् खट्कन सारंच बंद झालं. एसी गेला, पंखे गेले, कूलरबी गेला. निकिता म्हणाली, "आई, मले कसंतरी होते." अन् तिथंच मान टाकली.

माठातलं पाणी मारलं, तिले ओट्यावर नेलं, लिंबू-साखर पाजली. काही वेळात पोरगी बरी झाली, हसलीसुद्धा. पण विहीणबाईचा चेहरा मी पाहिला. राग नव्हता त्या चेहऱ्यावर, भ्या होतं. त्यांनी वच्छलाबाईचे हात धरले अन् म्हटलं, "बाई, तुमचं प्रेम कळतं मला. पण मी हिला घेऊन जाते."

निकिताची बॅग गाडीतून उतरलीच नाई. गाडी गेली तवा वच्छलाबाई रस्त्यात उभी होती, हातात ओटीच्या तांदळाचं सूप.

दुसऱ्या दिवशी बबलू आला, फ्यूज पाहिला अन् आमच्या तोंडाकडे पाहत बसला. "काकू, एसी लावून खिडक्या उघड्या? अन् वरून कूलर? अवो, एसीले तं बारीक फटसुद्धा चालत नाई!" मंग वर बोट दाखवून म्हणे, "अन् बंद केल्या तरी दुपारचं काही खरं नाई. या टिनाखाली अन् इथल्या वोल्टेजवर तो रात्रीच काय ते गार करन." वच्छलाबाईनं त्याले चहा पाजला, पण एक शब्द बोलली नाई. वच्छलाबाई अन् बोलली नाई!

त्या दुपारी माही मशीन चालू होती अन् भिंतीपलीकडे काहीच आवाज नाई. भांड्याचा नाई, शिव्यांचा नाई. मले करमेना. मी उठून गेली. चुलीजवळ नाई, बैठकीत नाई, मागं नाई. मंग कापसाच्या खोलीचं दार थोडंसं उघडं दिसलं.

ही खोली घराच्या पोटात आहे. मारोतरावांच्या आजाच्या वेळची, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंतींची, वर मातीचं जाड धाबं, अन् उत्तरेकडे एक लहानशी खिडकी. समोर सिमेंटच्या खोल्या बांधल्या, टिनं टाकली, तवापासून सारे समोर झोपते अन् इथं कापूस राह्यते. दिवाळीपासून वेचून आणलेल्या कापसाची गंजी पार आढ्याले टेकली होती. भाव येईन, भाव येईन म्हणून मारोतरावांनी तो तसाच ठेवला होता. आर्णीत अर्ध्या घरांत हीच तऱ्हा. माणसं ओट्यावर झोपते अन् कापूस खोलीत. कापसाची खाज साऱ्या घरानं सहन कराची, पण कापसाले कोणी बाहेर निघ म्हणत नाई.

वच्छलाबाई त्या गंजीत पाय रोवून बसली होती अन् रडून राह्यली होती. आवाज कापूस खाऊन टाकत होता. मी जवळ बसली. तिच्या केसातला कापूस वेचू लागली. थोड्या वेळानं मले वाटलं काहीतरी चुकल्यासारखं होऊन राह्यलं. पाहते तं माह्या मानेवरचा घाम सुकला होता.

तिनंबी डोळे पुसले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भिंतीले तळहात लावला. मंग गाल लावला.

"वर्षे, इथं थंड लागून राह्यलं का वं?"

"हाव ना."

"पंखा नाई, काही नाई!"

"नाई."

ती ताडकन उठली. साऱ्या अंगाले कापूस चिकटलेला, डोळे लाल अन् आवाज एकदम पहिल्यासारखा. "म्हणजे घरातली सगळ्यात थंडगार खोली या कापसाले देल्ली आपण! अन् पोरीले टिनाखाली बसवलं! अवो ऐकता का जी? इकडे या!"

मारोतराव आले. मी निघून जात होती, पण तिनं माहा हात धरून ठेवला. त्याच्यामुळं पुढचं सारं मी भिंतीआडून नाई, समोरासमोर ऐकलं.

"खोली खाली करा लागते."

"कापूस कुठी ठेवाचा?"

"विका."

"भाव येऊन राह्यला आहे. पंधरा दिवस थांब."

"पंधरा दिवसांत निकिताले आठवा लागते. आठव्यात पोरीले घराबाहेर काढत नाई. मंग काय थांबून करू?"

मारोतराव डोकं खाजवून म्हणे, "वर्षभराची मेहनत आहे ती. अशी घाईघाईत कशी विकू?"

"कापसाले दिवस गेले आहे का? त्याले कायले पाहिजे एवढी थंडगार खोली? सांगा ना! तुमच्या कापसाले न्हाऊ घालू का मी? त्याले डिंकाचे लाडू देऊ?"

मले हसू आलं, पण मारोतरावांचं तोंड पाहून मी ते गिळलं. माणूस वाईट नाई तो. कापसाच्या एकेका बोंडासाठी पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन फिरलेला माणूस आहे. भाव चढावा अन् आपण शहाणे ठरावं, एवढीच त्याची हौस होती. तो बाहेर निघून गेला अन् मारुतीच्या पारावर जाऊन बसला.

वच्छलाबाई पारावर गेली नाई. तिनं हरिसिंगले फोन लावला. हा गावोगाव फिरून दारावर कापूस घेणारा व्यापारी, तो संध्याकाळी काटा अन् गाडी घेऊन हजर. आम्ही दोघींनी पदर खोचले अन् चादरीत गाठोडी बांधून कापूस बाहेर काढाले सुरुवात केली. आठ-दहा गाठोडी निघाली असतील, तं दारात मारोतराव उभे. मले वाटलं, आता पेटते. हरिसिंगनं काटा थांबवला.

मारोतरावांनी चपला काढल्या, गाडीत चढले अन् कापूस तुडवाले लागले. गाडी भरताना तुडवा लागते, नाईतं मावत नाई. "माहा कापूस आहे," हरिसिंगले म्हणे, "दुसऱ्याच्या पायाखाली कायले?" वच्छलाबाई खालून गाठोडं देत होती अन् मारोतराव वरून घेत होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण हात बरोबर चालत होते. नंतर भाव थोडा चढला. मारोतरावांनी ते अख्ख्या गावाले सांगितलं, अन् वच्छलाबाईनं दरवेळी एकच उत्तर देल्लं, "चढू द्या."

खोली रिकामी झाली अन् मंग खरं काम. कोपऱ्याकोपऱ्यातून कापूस निघे, नाकात जाई, आम्ही दोघी शिंकून शिंकून हैराण. भिंती लिंपल्या, दोन हात चुना मारला. धाब्यावर माती टाकून वरूनबी चुना पोतला, ऊन परतून जावं म्हणून. ऋतिक म्हणे, एसी इथं आणू. वच्छलाबाई म्हणे, "या भिंतीले भोक पाडाचं नाव काढशील तं तुलेच भोक पाडीन." तिनं नवा कूलर घेतला, साधाच, पण ताट्या वाळ्याच्या टाकल्या. अन् तो खोलीत ठेवलाच नाई. बाहेर पडवीत ठेवला, दाराच्या आडोशाले. हवा आधी पडवीच्या भिंतीवर आदळे, मंग वळून खोलीत शिरे, अन् उत्तरेच्या खिडकीतून निघून जाई. खाटेवर झोपलं तं वाळ्याचा वास येई, पण अंगावरचं फडकं हलत नव्हतं. कुठून शिकली म्हणता? शिकली कुठी नाई. तीन दिवस कूलर इकडून तिकडे सरकवत राह्यली. आधी खाटेवर मले झोपवे, मंग ऋतिकले, मंग मारोतरावाले, अन् विचारे, "वारा लागते का? खरं सांगा, वारा लागते का?" मी कटाळून हाव म्हटलं का पुन्हा सरकवे.

मंग तिनं विहीणबाईले फोन लावला. मी शेजारीच होती. वाटलं आता रडन, विनवण्या करन. छ्या!

"विहीणबाई, आठवा लागाच्या आत एक दिवस या. निकिताले आणू नका. तुम्ही या. माह्या खोलीत एक दुपार झोपून पाहा. तुम्हाले झोप नाई आली, तं मी पुन्हा विषय काढणार नाई. पोरगी तुमच्याकडे. हा माहा शब्द."

फोन ठेवला तवा मी म्हटलं, "अवो, असा शब्द देते का कोणी? कोणाले परक्या घरी झोप येत नसते, त्यात दुपारची!"

"येईन," ती म्हणाली. पण रात्री जेवली नाई.

विहीणबाई आल्या, कपिलनं आणलं. ऊन असं का रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. जेवण झालं अन् वच्छलाबाईनं त्यांना खोलीत नेलं. दार अर्धं लोटलं. आम्ही सारे पडवीत बसलो, चिडीचूप. वच्छलाबाई उंबऱ्याजवळ, भिंतीले पाठ लावून.

अन् अर्ध्या घटकेत लाइट गेली.

कूलर फडफडत थांबला. कोणी कोणाकडे पाहिलं नाई. मारोतराव लाइनमनले फोन लावाले अंगणात गेले. ऋतिक म्हणे, "आई, दार पूर्ण उघडतो, थोडी हवा तरी जाईन आत." वच्छलाबाईनं त्याचा हात पकडला. "हात लावू नको. ऊन आत जाईन." तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते अन् ती ते पुसतसुद्धा नव्हती. मी मनातल्या मनात सारे देव आठवले. खोलीतून काही आवाज येते का म्हणून कान लावला, आयुष्यात एवढा जीव लावून कान लावला नसन. आधी काहीच नाई. मंग एक बारीकसा आवाज आला. मी वच्छलाबाईकडे पाहिलं. तिनं तोंडात पदर कोंबला होता.

विहीणबाई घोरत होत्या.

लाइट उन्हं कलल्यावर आली, तवा त्या उठल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. बाहेर येऊन म्हणे, "कूलर बंद का केला?"

"बंद नाई केला, आई," कपिल म्हणाला. "लाइट गेली होती. तू झोपली तेव्हाच."

त्या परत आत गेल्या. वच्छलाबाईनं केलं होतं तसंच, भिंतीवर हात ठेवून उभ्या राह्यल्या. मंग खाटेवर बसल्या अन् रडाले लागल्या. आम्ही घाबरलो. वच्छलाबाई धावली, "काय झालं? बरं वाटत नाई का?"

"तसं नाही हो. खोटं कशाला बोलू तुमच्याशी? एसीचं तर होतंच, त्या दिवशी ती पडली तेव्हा माझं काळीज हललं. पण खरं म्हणजे ती गेली की घर मला खायला उठतं. कपिल सकाळी जातो तो रात्री येतो. आम्ही दोघीच असतो दिवसभर. कपिलचे बाबा गेल्यापासून दुपारी मला झोप लागत नाही. तिच्याशीच बोलत बसते. चार महिने ती इथे राहिली तर मी काय करू?"

वच्छलाबाई त्यांच्यापुढं कंबरेवर हात ठेवून उभी राह्यली. मले वाटलं, आता गळ्यात पडन. तिनं तं विहिणीले दटावलंच!

"मंग आधी सांगाचं ना! माह्या घरात एसी आणाले लावला, कापूस विकाले लावला! अवो, त्याच्यापेक्षा म्हणाचं का मीबी येते म्हणून. या खोलीत दोन खाटा मावते. एकीवर निकिता, एकीवर तुम्ही. मी काय, उंबऱ्यात लवंडीन. पण पोरगी माह्याजवळ येईन."

विहीणबाई रडता रडता हसल्या. दोन दिवसांनी, आठवा लागाच्या आत, निकिता आली अन् बॅगा दोन उतरल्या. एक तिची, एक सासूची.

मे महिना कसा गेला ते विचारू नका. बाहेर आग, अन् त्या खोलीत दोघी विहिणी डिंकाच्या लाडवात खोबरं किती याच्यावर भांडते, निकिता मधात लोळून हसते. रोज काहीतरी निमित्त काढून मीबी मशीन सोडून तिथंच जाऊन बसे. महिन्याच्या शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात पोरगी झाली. नाव विहीणबाईनं आधीच ठरवलं होतं, खुशी.

दवाखान्यातून घरी आणलं तवा भर दुपार. रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. मी दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी, बाळंतिणीवरून ओवाळाले. खुशी विहीणबाईच्या हातात होती, ओल्या फडक्याच्या सावलीत. त्या उंबऱ्याशी थांबल्या अन् लेकरू वच्छलाबाईपुढं धरलं. "तुम्ही न्या आत. ही खोली तुम्ही मिळवली आहे."

वच्छलाबाईनं हात पुढं केले अन् मागं घेतले. पुन्हा पुढं केले. नवऱ्याशी भांडलेली, अख्ख्या उन्हाळ्याशी भांडलेली बाई, लेकराले हात लावाले मागंपुढं पाहून राह्यली होती. माह्याकडे वळून म्हणे, "वर्षे, तू घे वं. मले भ्या वाटते. खोली गरम झाली असन तं? काही झालं तं?"

मी हातातला तुकडा तसाच धरून राह्यली. माहे डोळेच भरून आले होते. निकिता भिंतीचा आधार घेऊन उभी होती, चेहरा उतरलेला, पायांत बळ नाई. ती पुढं आली, आईच्या खांद्यावर डोकं टेकलं अन् म्हणाली, "ओय आई... लय दुखते वं."

तेवढं ऐकलं अन् वच्छलाबाईचं मागंपुढं थांबलं. तिनं नातीले छातीशी घेतलं, दुसऱ्या हातानं पोरीची कंबर धरली. "दुखन तेवढं म्हण बाई, ओय म्हण," ती म्हणाली अन् दोघींले घेऊन आत गेली.